पिको-फॉल मशीन घरी घेतल्यानंतरचे दहा महिने : बेळगावजवळच्या येळ्ळूरहून एक हिशेब

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी मोटर बसवलेले पिको-फॉल मशीन टेबलासह १२,५०० रुपयांना विकत घेतले. आता शिवारात भातकापणी सुरू झाली आहे आणि मशीनला दहा महिने होत आले आहेत. आमची शेती थोडी आहे, पती बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत कामाला आहेत, सासूबाईंचे वय झाले आहे आणि मुले शाळेत जातात, त्यामुळे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी नोकरी मला करता येत नाही. आमच्या भागात माझ्यासारख्या अनेक जणी असे काम शोधत आहेत आणि मला रोज विचारतात, म्हणून आकड्यांसह सगळे लिहीत आहे.

मशीन घेण्याआधी मी मोबाईलवर जाहिरात पाहून ‘घरबसल्या टायपिंग’चे काम घेतले होते. त्यासाठी १,५०० रुपये नोंदणी शुल्क भरले, आठवडाभर पाने टाइप करून पाठवली आणि मग ‘चुका जास्त आहेत, दंड भरा’ असा निरोप आला. ते पैसे परत मिळाले नाहीत. जे काम देण्यासाठी आपल्याकडूनच आधी पैसे मागितले जातात, ते काम घेऊ नये, एवढे मी प्रत्येकीला आवर्जून सांगते.

साडीचेच काम निवडण्याचे कारण सोपे आहे. येळ्ळूर रस्त्याने शहरात शिरले की पहिल्यांदा वडगाव लागते, आणि वडगाव, खासबाग, शहापूर हा सगळा पट्टा मागांचा आहे. साड्या, फॉल आणि रंगीत रिळे तिथे घाऊक दरात मिळतात. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात महिलांना राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून मोफत प्रवास करता येतो, त्यामुळे एका रिळासाठी शहरात जावे लागले तरी माझा खर्च वाढत नाही. चंदगड तालुक्यात माझी मावसबहीण हेच काम करते. महाराष्ट्रात एसटीला महिलांना अर्धे तिकीट असले तरी धागा आणायला जाताना तिला तेवढे भाडे धरावेच लागते. काम एकच असून सीमेच्या दोन बाजूंना हिशेब असा वेगळा पडतो.

आता प्रत्यक्ष मशीनविषयी. पिकोच्या मशीनची सुई सरळ न चालता डावी-उजवीकडे हलते. डावीकडे ती कापडात उतरते आणि उजवीकडे कापडाच्या कडेच्या अगदी बाहेर पडते, त्यामुळे धागा कडेभोवती गुंडाळला जातो आणि कड आत वळून दोऱ्यासारखी बारीक व गोल होते. कापड जरा आत सरकले की कड वळत नाही आणि बाहेर सरकले की टाका सुटतो, म्हणून उजव्या हाताच्या तर्जनीने कड सतत एका रेषेत धरावी लागते. हा हात बसायला मला तीन आठवडे लागले. तोपर्यंत मी जुन्या साड्यांचे तुकडे आणि घरातल्या ओढण्या यांवरच सराव केला आणि एकही गिऱ्हाईक घेतले नाही. घाई केली असती तर पहिल्याच महिन्यात नाव खराब झाले असते.

पहिला मोठा अडथळा जॉर्जेटच्या साड्यांवर आला. दर चार-पाच टाक्यांनंतर एक टाका सुटू लागला. मशीनमध्ये दोष आहे असे वाटून मी दुकानदाराला फोन केला. विकताना ‘घरी येऊन दुरुस्ती करून देऊ’ असे त्यांनी सांगितले होते, पण बारा दिवस कोणीही आले नाही. अखेर वडगावातल्या एका जुन्या कारागिराने पाहताक्षणी सांगितले की मशीनमध्ये १६ नंबरची जाड सुई लावली आहे आणि तलम कापडाला ११ नंबर लागतो. काही रुपयांच्या सुईसाठी माझे बारा दिवस गेले. तेव्हापासून मी तलम कापडाला ११ आणि सुती साडीला १४ नंबरची सुई वापरते, आणि दर पंधरा-वीस साड्यांनंतर सुई बदलते, कारण बोथट सुईने रेशमाचा धागा ओढला जातो. मे महिन्यात मोटरीचा पट्टा सैल झाला आणि शटलजवळ धाग्याचा गुंता अडकला, या दोन्ही दुरुस्त्यांना मिळून ६५० रुपये लागले. एवढे सोडले तर मशीनने त्रास दिलेला नाही.

मोठी चूक माझ्याच हातून झाली. फेब्रुवारीत एका काकूंच्या सुती साडीला मी दुकानातून आणलेला फॉल न भिजवता तसाच लावला. पहिल्या धुण्यात फॉल आटला, साडी आटली नाही, आणि सगळा खालचा काठ चुण्या पडून वर ओढला गेला. काकू रागावल्या नाहीत, पण साडी माझ्यासमोर पसरून त्या काहीच न बोलता बसल्या, आणि ते मला जास्त लागले. मी सगळी शिलाई उसवली, नवा फॉल लावून दिला आणि पैसे घेतले नाहीत. आता फॉल आणले की त्याच दिवशी सगळे बादलीत भिजवते, सावलीत वाळवते आणि इस्त्री करून रंगवार घडी घालून ठेवते. या कामात सासूबाईंची मदत होते. साडी हातात घेतल्यावर पदर कोणता, नेसायचे टोक कोणते आणि खालचा काठ कोणता हे पाहून तिथे टाचणी लावल्याशिवाय मी सुई उचलत नाही, कारण वरच्या काठाला फॉल लागला तर सगळीच मेहनत वाया जाते.

माझे दर असे आहेत : नुसते पिको ३० रुपये, मशीनचा फॉल पिकोसह ८०, हातशिलाईचा फॉल पिकोसह ११०. फॉल आणि धागा माझा असतो. इरकल आणि चांगल्या रेशमी साड्यांना मी हातशिलाईच करते, कारण मशीनची टीप सुलट्या बाजूला दिसते आणि रेशमात सुईची भोके राहतात. याशिवाय पदराला गोंडे, म्हणजे आमच्याकडे कानडी-मराठी सगळ्याच बायका ज्याला कुच्चू म्हणतात, ते मी एप्रिलपासून सुरू केले. त्याचे सरासरी २६० रुपये मिळतात.

दहा महिन्यांत ३१८ साड्या झाल्या. त्यांपैकी १९६ मशीनच्या फॉलच्या, ७४ हातशिलाईच्या आणि ४८ नुसत्या पिकोच्या होत्या. त्यांचे २५,२६० रुपये आणि ४१ कुच्चूंचे १०,६६० रुपये, अशी एकूण जमा ३५,९२० रुपये झाली. फॉल, धागा, सुया, तेल, मणी, रेशीम आणि दुरुस्ती यांवर ९,९२० रुपये गेले. हातात २६,००० रुपये राहिले, म्हणजे महिन्याला सरासरी २,६००. त्यातून मशीनची किंमत वजा केली तर पहिल्या दहा महिन्यांची खरी कमाई १३,५०० रुपये आहे. मोटरीची वीज किरकोळ असल्याने धरलेली नाही.

तासांचा हिशेब मात्र मी उशिरा मांडला, तो पहिल्यापासून मांडायला हवा होता. मशीनच्या फॉलला पिकोसह पस्तीस मिनिटे लागतात आणि खर्च वजा जाता साधारण ५५ रुपये उरतात, म्हणजे तासाला नव्वदच्या वर. हातशिलाईला सव्वा तास लागतो आणि ८५ उरतात, म्हणजे तासाला ६८. कुच्चूला अडीच तास जातात, तरी तासाला ८८ पडतात. ज्या कामाला मी सर्वांत कसबाचे समजत होते आणि जे करताना मान व डोळे सर्वाधिक दुखतात, त्याच कामाचे मला सर्वांत कमी पैसे मिळत होते. सगळे मिळून सुमारे ३१७ तास मी बसले, तासाला साधारण ८२ रुपये पडले.

ज्या गोष्टीची मला आधी कल्पना नव्हती, ती ‘सवडी’ची. हे सवडीचे काम आहे असे सगळे म्हणतात आणि ते अर्धेच खरे आहे. कोणत्या तासाला बसायचे हे माझ्या हातात आहे. दुपारी जेवणे आटोपल्यावर किंवा रात्री मुले झोपल्यावर मी बसते आणि कोणाची परवानगी लागत नाही. पण साडी कोणत्या दिवशी द्यायची हे गिऱ्हाइकाच्या हातात असते, कारण लग्न, बारसे आणि सण यांची तारीख हलत नाही. आषाढात माझ्याकडे महिनाभरात जेमतेम नऊ साड्या आल्या आणि मे महिन्यात बासष्ट. मे महिन्यातल्या चार रात्री मी बारा वाजेपर्यंत जागले. सर्वांत अवघड काळ आत्ताचा आहे. दिवाळीच्या साड्या येतात त्याच दिवसांत भात कापणीला येते, मजूर मिळत नाहीत, आणि घरच्या फराळाचेही बघावे लागते. शेतातून आल्यावर भाताच्या पात्यांनी चरचरलेल्या बोटांनी रेशीम धरले की धागा बोटाला अडकतो, म्हणून आधी खोबरेल तेल लावून, मग हात साबणाने स्वच्छ धुऊन बसावे लागते. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी मशीन घेण्याआधी कापणी-दिवाळीच्या या दिवसांचा विचार जरूर करावा.

‘अक्का, उद्या मिळेल का?’ या प्रश्नाला पहिले काही महिने मी नेहमी हो म्हणत असे, कारण गिऱ्हाईक तुटेल अशी भीती वाटत होती. आता वहीत तारीख लिहून चार दिवसांची मुदत सांगते आणि एक दिवस आधी देते. या बदलानंतर एकही गिऱ्हाईक कमी झालेले नाही.

भांडवलाविषयी थोडे. माझे मशीन कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा मिळणारे २,००० रुपये साठवून आणि थोडी भिशीची रक्कम घालून आले. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत शिवणकाम आहे. तिच्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने पहिले एक लाखापर्यंतचे कर्ज अशी तरतूद आहे, पण ती आधीपासून हाताने हा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आणि कुटुंबातल्या एकाच व्यक्तीसाठी आहे. मी तेव्हा हा व्यवसाय करत नसल्याने अर्ज केला नाही. ज्या आधीपासून शिवतात त्यांनी चौकशी करावी.

दोन-अडीच हजारांवर घर चालणार नाही, त्यामुळे नोकरी सोडून हे मशीन घेऊ नका. मुलांच्या वह्या, सासूबाईंची औषधे आणि बचत गटाचा हप्ता यांसाठी मला आता कोणाकडे हात पसरावा लागत नाही, आणि तेवढ्यासाठी मी हेच मशीन पुन्हा घेईन. आज कपाटात अकरा साड्या आहेत, त्यांतल्या चार हातशिलाईच्या. पाडव्यानंतर हातशिलाईचा दर १४० रुपये होईल, असे मी येणाऱ्या प्रत्येकीला सांगायला सुरुवात केली आहे.