छातीत दुखतंय: डॉक्टरचा अंदाज की हार्ट स्कोअर?

रुग्णाला घरी सोडायचं की ठेवून घ्यायचं, हे ठरवायचे हे दोन मार्ग.

अनुभवी डॉक्टरचा अंदाज झटपट येतो. घामेजलेला चेहरा किंवा छातीवर दाबून धरलेली मूठ कुठल्याच तक्त्यात मावत नाही. पण मनात आलेलं पहिलं निदान घट्ट बसतं. हार्ट अटॅकमध्ये मधुमेही रुग्णाला किंवा बाईला कधी नुसती धाप लागते, कधी बेंबीच्या वर जळजळतं, आणि ‘ॲसिडिटी’ म्हणून गोळी दिली जाते.

नेदरलँड्समध्ये २००८ साली मांडलेला हार्ट स्कोअर पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतो: दुखण्याची हकिगत, ईसीजी, वय (४५ च्या खाली ०, ६५ पासून २), जोखमीचे घटक आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन). एकूण ० ते ३ म्हणजे कमी धोका. चूक होते ती वेळेची. दुखणं सुरू होऊन तासच झाला असेल तर ट्रोपोनिन नॉर्मल येऊ शकतं. ते काही तासांनी पुन्हा तपासावंच लागतं. शिवाय हकिगतीचे गुण शेवटी डॉक्टरच्या अंदाजानेच पडतात!

ईसीजीत एसटी (आलेखातल्या रेषेचा एक भाग, तो उंचावणं ही मोठ्या हार्ट अटॅकची खूण) उंचावलेली दिसली, तर गुण मोजत बसू नये. लगेच अँजिओप्लास्टीची तयारी करावी. इतरांसाठी स्कोअर मांडावाच, पण तो कमी येऊनही मन मानत नसेल तर रुग्णाला थांबवून घ्यावं.