वॉरंटीतील पंक्चर दुरुस्ती : काम चोख, कागदपत्रे ढिसाळ

सिंहगड रस्त्यावरील ज्या दालनातून मी गाडीचे चारही टायर घेतले होते, तेथेच गेल्या पावसाळ्यात मागच्या टायरचे पंक्चर वॉरंटीत काढून घेतले. कारागिराचे काम मला मनापासून आवडले. विक्री विभागाच्या कारभाराबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

रस्त्याकडेला बहुतेक ठिकाणी ट्यूबलेस टायर रिमवरून न उतरवताच बाहेरून चिकट दोरी खुपसली जाते. हवा थांबते, पण खिळ्याने आतील थर कितपत फाडला आणि कमी हवेवर गाडी चालल्याने टायरची बाजू आतून घासली गेली का, हे कोणालाच कळत नाही. येथे कारागिराने टायर पूर्ण उतरवला, खिळा सरळ गेला की तिरका हे पाहिले आणि आतून हात फिरवून रबराची भुकटी जमलेली नाही ना, याची खात्री करून घेतली. भुकटी सापडली असती तर बाजू कमकुवत झाली असे समजून त्याने टायर दुरुस्तच केला नसता. छिद्र 6 मिलिमीटरपेक्षा लहान आणि रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी होते, म्हणून आतून मशरूम पॅच बसवता आला. या पॅचचा दांडा छिद्र भरतो आणि टोपी आतून चिकटते, त्यामुळे पाणी शिरून पट्ट्याखालील पोलादी तारा गंजत नाहीत, हा पावसाळ्यात फार मोठा लाभ आहे. हे सर्व त्याने न विचारता समजावून सांगितले.

आता तक्रारीकडे वळतो. टायर कंपनीची नेहमीची वॉरंटी उत्पादनातील दोषापुरती असते आणि खिळा हा काही उत्पादनातील दोष नव्हे. रस्त्यावरील नुकसानीसाठी वेगळी योजना असते, ती मी घेतली होती. परंतु विक्रीच्या वेळी ‘सगळं कव्हर आहे साहेब’ एवढेच सांगण्यात आले. टायर दुरुस्तीपलीकडे गेला तर नवा टायर फुकट मिळत नाही, जितकी झीज झाली असेल तितक्या प्रमाणात पैसे ग्राहकाला भरावे लागतात, ही अट मला काउंटरवर ताटकळत उभे असताना छापील पत्रकात वाचायला मिळाली. ताटकळण्याचे कारण असे की बिलावर टायरचे क्रमांकच लिहिलेले नव्हते आणि हा टायर त्यांच्याकडचाच आहे हे त्यांना संगणकात शोधावे लागले. शिवाय पंक्चर मोफत असले तरी बॅलन्सिंगचे, म्हणजे चाकाचे वजन सर्व बाजूंनी समतोल करण्याचे, पैसे वेगळे लागतील, हे काम झाल्यावर सांगितले गेले. टायर रिमवरून उतरवला की बॅलन्सिंग करणे योग्यच असते. आक्षेप आहे तो आधी न सांगण्याला.

नवे टायर घेणाऱ्यांनी प्रत्येक टायरवरील पूर्ण क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. त्यातील शेवटचे चार अंक तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष दाखवतात; 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. त्यावरून माल किती जुना आहे, हेही तेथल्या तेथे कळते.

व्यवस्थापकांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि चारही टायरचे क्रमांक बिलावर लिहून शिक्का मारून दिला. बॅलन्सिंगचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत.