हापूस काही उतरला नाही, सफरचंद मात्र जमले

मी इंग्लंडमध्ये राहतो. सिगारेट सुटावी म्हणून व्हेपकडे, म्हणजे ई-सिगारेटकडे, वळलो आणि गेले वर्षभर तिच्यात भरायची फळांच्या स्वादाची लिक्विड्स घरीच मिसळतो आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, विक्री आणि साठवणही गुन्हा ठरली असल्यामुळे हा अभिप्राय तिकडच्या वाचकांच्या कामाचा नाही. आणि ज्यांनी कधी सिगारेट ओढलीच नाही, त्यांनी या वाटेला जाऊच नये.

साहित्य मोजके आहे: व्हेजिटेबल ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल, फळांचे अर्क आणि निकोटीन शॉट, म्हणजे निकोटीनच्या द्रावणाची छोटी बाटली. येथे मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा तीव्र निकोटीन ग्राहकाला विकता येत नाही आणि तेही १० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत मिळत नाही. मिलिलिटरमागे १८ मिलिग्रॅमचा १० मिलिलिटरचा एक शॉट एकूण ६० मिलिलिटर मिश्रणात गेला की तीव्रता मिलिलिटरमागे ३ मिलिग्रॅम होते, आणि मला तेवढी पुरते. शॉट ओतताना हातमोजे घालावेत व बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवाव्यात, कारण निकोटीन त्वचेतूनही शरीरात जाते.

सुरुवातीला मी सिरिंजने मोजत असे आणि दर खेपेला चव बदलत असे. घट्ट ग्लिसरीन सिरिंजच्या कडेला चिकटून राहते, हे कारण कळायला दोन महिने गेले. ०.०१ ग्रॅमपर्यंत अचूक असा छोटा डिजिटल वजनकाटा घेतल्यावर हा त्रास संपला. मात्र ग्लिसरीनचा एक मिलिलिटर सुमारे १.२६ ग्रॅम भरतो आणि प्रॉपिलिन ग्लायकॉलचा सुमारे १.०४, हे हिशेबात धरावे लागते. सगळ्या खरेदीत पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते या काट्याचे.

आता अर्कांविषयी. इटलीच्या फ्लेवरआर्टचे फुजी सफरचंद हे माझ्या मते या सर्वांत सरस आहे: मिश्रणाच्या एक-दीड टक्क्यातच साल काढलेल्या ताज्या फोडीचा करकरीत गोडवा उतरतो. पोलंडच्या इनावेराचे कॅक्टस नावाला निवडुंग असले, तरी त्याचे खरे काम इतर फळांना रसाळपणा देण्याचे आहे, आणि त्यासाठी अर्धा टक्काही पुष्कळ होतो. दोन्ही एकत्र केल्यावर जे लिक्विड तयार झाले, ते विकतच्या कोणत्याही बाटलीपेक्षा मला अधिक आवडले.

आंब्याने मात्र निराशा केली. तीन वेगवेगळे अर्क आणले. एक पीचसारखा लागला, दुसरा डबाबंद रसासारखा आणि तिसऱ्याला कच्च्या कैरीच्या डिंकाचा वास होता. रत्नागिरीच्या पेटीवर वाढलेल्या जिभेने हापूसची आशा धरावी, यात चूक बहुधा जिभेचीच असेल. स्ट्रॉबेरी पहिल्या आठवड्यात छान लागते, पुढे तिची धार बोथट होते, म्हणून ती थोडीच बनवावी.

एका दुकानातून आणलेल्या टरबुजाच्या अर्कात इतके सुक्रलोज (कृत्रिम गोडी) होते की दोन दिवसांत कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, काळी पडली. तेव्हापासून गोडी वाढवणारे थेंब मी बंद केले. फळांची लिक्विड्स दोन-तीन दिवसांत मुरतात. कस्टर्डच्या स्वादाच्या लिक्विड्ससारखी आठवडे वाट पाहावी लागत नाही.

एका परिचिताने स्वयंपाकघरातले संत्र्याचे इसेन्स घालू का, असे विचारले होते. मुळीच घालू नये. त्यातली काही तेलात बनवलेली असतात आणि तेलाची वाफ फुप्फुसात गेल्यास न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो. घरचा आमरस किंवा साखरेचा पाक घालण्याचा मोहही तितकाच अयोग्य, कारण साखर कॉइलवर जळते. व्हेपसाठी म्हणून विकलेले आणि तेल नसलेले अर्क तेवढे घ्यावेत, मग आंबा हुकला तरी चालेल.