पहिल्या ट्रॅक डेसाठी मोटुल आरबीएफ ६००: काय सुधारतं, काय नाही

ट्रॅक डे म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस. पहिल्या ट्रॅक डेच्या तयारीत बहुतेकांच्या यादीत एअर फिल्टर, एक्झॉस्ट, रुंद टायर असं सगळं असतं, फक्त ब्रेक ऑइल नसतं. खरं तर यादी तिथूनच सुरू व्हायला हवी. कंपनीतून आली तशी, नीट सर्व्हिसिंग झालेली कुठलीही साधी गाडी ट्रॅकवरचं पंधरा-वीस मिनिटांचं सेशन काढते. इंजिन आणि गिअरबॉक्स सहसा तक्रार करत नाहीत. आधी हात टेकतात ते ब्रेक, आणि बऱ्याचदा दोष पॅडचा नसून दोन-तीन वर्षं न बदललेल्या ऑइलचा असतो. म्हणून नवख्याने आधी काय घ्यावं या प्रश्नाला आमचं उत्तर मोटुल आरबीएफ ६०० हे ब्रेक ऑइल असं आहे. पण ते घेऊन नेमकं काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आधी समजून घ्या.

थोडं गणित. १३०० किलोची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ६० वर आणताना साधारण ११ लाख ज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. शहरात ६० वरून पूर्ण थांबताना जेवढी पडते, त्याच्या सहापट. हे सगळं तीन-साडेतीन सेकंदांत. म्हणजे तेवढा वेळ ब्रेक तीनशे किलोवॅटच्या वर काम करत असतात, आणि त्या गाडीचं इंजिन शंभर किलोवॅटचंही नसतं. यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो. असं जोरदार ब्रेकिंग प्रत्येक लॅपमध्ये तीन-चारदा होतं आणि मध्ये थंड व्हायला मिळतात जेमतेम काही सेकंद. डिस्क तापते, तिच्यामुळे पॅड, पॅडच्या पत्र्यातून कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन, आणि पिस्टनला टेकून असतं ऑइल. ते उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल खाली जातं, गाडी मात्र थांबत नाही.

ग्लायकॉल जातीचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि ओल शिरली की उत्कलनबिंदू घसरतो. म्हणून डब्यावर दोन आकडे असतात, कोरडा आणि ओला. ओला आकडा साधारण ३.७ टक्के पाणी शिरलेल्या ऑइलचा. डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या दर्जासाठी किमान कोरडा २३० आणि ओला १५५ अंश सेल्सिअस लागतो, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. आरबीएफ ६०० चा कोरडा ३१२ आणि ओला २०० च्या थोडा वर आहे. दोन पावसाळे पाहिलेलं साधं डॉट ४ आणि बाटलीतून आत्ता ओतलेलं आरबीएफ ६०० यांत शंभर अंशांहून जास्त फरक पडू शकतो, तो असा.

नेहमीच्या रस्त्यावर याचा फरक शून्य जाणवतो. पेडल कडक होईल, ब्रेक चावरे होतील अशी अपेक्षा ठेवून घेऊ नका. बदलल्यावर पेडल घट्ट वाटलंच, तर ती जुन्या ऑइलबरोबर निघून गेलेल्या हवेची कमाल. आरबीएफ ६०० चं काम एकच: दहाव्या मिनिटाला पेडल पहिल्या मिनिटासारखंच ठेवणं. ते काम ते चोख करतं.

पर्याय दोन विचारात घेण्यासारखे आहेत. आटे टाइप २०० चा कोरडा २८०, ओला १९८. हलकी गाडी, मध्यम वेगाचा ट्रॅक आणि वर्षातून एखादा ट्रॅक डे असेल तर हे पुरतं, आणि लिटरच्या डब्यात मिळत असल्याने पूर्ण बदलायला सोयीचं. दुसरं कॅस्ट्रॉल एसआरएफ. त्याचा ओला उत्कलनबिंदू २७० च्या घरात आहे, म्हणजे ओल शिरल्यावरही ते अनेकांच्या ताज्या ऑइलच्या बरोबरीने उभं राहतं. महाग आहे, पण ज्यांना वारंवार ब्लीडिंग (चाकांपाशी जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढणं) करायचं नाही त्यांना ते परवडतं. नवख्याला त्याची गरज नाही. पहिल्या एक-दोन ट्रॅक डेला ऑइल तसंही ताजं असतं आणि तिथे कोरडा आकडाच कामाला येतो.

आरबीएफ ६०० च्या खोडीही सांगायला हव्यात. बाटली अर्ध्या लिटरची. जुनं सगळं बाहेर काढून नवं भरायचं तर दोन लागतात, फक्त कॅलिपरमधलं ताजं करायचं तर एक पुरते. रंग साध्या ऑइलसारखाच फिकट पिवळसर, त्यामुळे नळीतून नवं यायला लागलं की नाही हे डोळ्यांनी ओळखणं कठीण. जुनं काळपट झालेलं असेल तर फरक दिसतो, नाहीतर मोजून काढावं लागतं. रेसिंगच्या ऑइलला साध्यासारखं दोन वर्षं गाडीत ठेवायचं नसतं. दोन-तीन ट्रॅक डेनंतर कॅलिपरमधलं थोडं काढून ताजं करावं आणि वर्षातून एकदा पूर्ण बदलावं. आणखी एक: काही नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेकमध्ये चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएसपीसाठी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) पातळ, म्हणजे कमी व्हिस्कॉसिटीचं डॉट ४ लागतं. तसं पुस्तिकेत लिहिलं असेल तर कडाक्याच्या थंडीत हे ऑइल त्या पंपांना जड जातं, म्हणून त्याच जातीतलं उच्च उत्कलनबिंदूचं शोधा. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र कुठल्याही परिस्थितीत यात मिसळायचं नाही. नावातलं साम्य फसवं आहे, डॉट ५.१ वेगळं आणि डॉट ५ वेगळं.

आता बदलण्याची कृती, कारण चांगलं ऑइल चुकीच्या ब्लीडिंगने वाया जातं. दोन माणसं हवीत, एक सीटवर आणि एक चाकापाशी. निपलला (कॅलिपरवरच्या, ऑइल काढायच्या छोट्या स्क्रूला) बसणारा रिंग पाना (बहुतेक १० किंवा ११ मिलिमीटरचा, साध्या पान्याने निपलचे कोपरे गोल होतात), पारदर्शक नळी, एक रिकामी बाटली, सिरिंज, पाण्याची बादली आणि कापड. ऑइल रंग खातं. बॉडीवर सांडलं की पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

सिरिंजने ब्रेक ऑइलच्या टाकीतलं जुनं ऑइल काढा, तळ उघडा पडू न देता, आणि नवं वरच्या खुणेपर्यंत भरा. ही पायरी टाळली तर सगळं जुनं ऑइल पुन्हा पाइपातून फिरवत बसावं लागतं. मग चाकं. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा सिलिंडर) सर्वांत लांबच्या चाकापासून जवळच्याकडे यायचं हा जुना नियम, पण तिरप्या सर्किटच्या (पुढचं एक आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एका पाइपावर) काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, म्हणून पुस्तिका पाहा. चाकापाशी बसलेला म्हणतो ‘दाब’. सीटवरचा सावकाश पेडल दाबून म्हणतो ‘दाबलंय’. निपल पाव फेरी उघडायचं, पेडल खाली जाऊ द्यायचं, निपल बंद करायचं आणि त्यानंतरच म्हणायचं ‘सोड’. हा क्रम उलटला, म्हणजे निपल उघडं असताना पाय वर आला, तर त्याच वाटेने हवा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून.

जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळाला टेकणार नाही. मास्टर सिलिंडरचा जो भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो तिथे गंज आणि घाण साचलेली असते. पेडल पार खाली गेलं की सील त्यावर घासतं आणि फाटतं. मग ब्लीडिंग कितीही केलं तरी पेडल हळूहळू बुडत राहतं आणि दोष नव्या ऑइलवर येतो.

दर आठ-दहा दाबांनंतर टाकी पाहा. ती रिकामी होऊन हवा एबीएस युनिटमध्ये गेली तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून पंप फिरवल्याशिवाय ती निघत नाही. पूर्ण बदलताना दर चाकामागे साधारण १५० ते २०० मिली निघालं पाहिजे. निपल पुस्तिकेतल्या टॉर्कवरच, म्हणजे पिळण्याच्या जोरावरच, घट्ट करा. तो टॉर्क अगदी कमी असतो, आणि जोर लावणारे निपल कॅलिपरमध्येच तोडतात. शेवटी इंजिन चालू करून पेडल अर्धा मिनिट दाबून धरा आणि कुठे ओलं झालंय का ते टॉर्चने पाहा.

ऑइलने न सुटणारी गोष्ट म्हणजे पॅड. ट्रॅकवर ब्रेक कमी लागायला लागले तर कारण पेडलच सांगतं. पेडल नरम, लांब, पंप केल्यावर थोडं वर येणारं असेल तर ऑइल उकळलंय. पेडल दगडासारखं घट्ट पण गाडी सरकतच राहते, तर पॅड हरलेत. दुसऱ्या परिस्थितीत महागातलं महाग ऑइलही काही करू शकत नाही. कंपनीच्या पॅडवर पहिला ट्रॅक डे होतो, फक्त पॅडची निम्म्याहून अधिक जाडी शिल्लक हवी. पातळ पॅड उष्णता अडवत नाही, थेट पिस्टनकडे पाठवतो, आणि मग ३१२ अंशही कमी पडतात. पॅड नवे घातले असतील तर ट्रॅकवर यायच्या आधी ते बसवून घ्या: रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा जोरात, पण पूर्ण न थांबता ब्रेक, आणि मग थंड होईपर्यंत संथ फेरी. न बसवलेल्या पॅडमधलं रेझिन पहिल्यांदा खूप तापलं की वायू सोडतं, आणि पॅड डिस्कवरून घसरल्यासारखा होतो.

चालवण्याच्या सवयीही ऑइलच्या आयुष्यात भर घालतात किंवा काटछाट करतात. नवखा चालक हलका ब्रेक फार लवकर लावतो आणि वळण संपेपर्यंत घासत नेतो, त्यामुळे डिस्कला मोकळी हवा खायला वेळच उरत नाही. सरळ गाडीत, ठाम आणि कमी वेळ दाबून पाय पूर्ण उचलणं चांगलं. हे स्वतःचं स्वतःला दिसत नाही, म्हणून नवख्यांच्या गटात इन्स्ट्रक्टर शेजारी बसत असेल तर ती सोय सोडू नका. ईएसपी चालूच ठेवा. तो आपण होऊन एकेका चाकाचा ब्रेक लावतो आणि तेवढी उष्णता वाढते, पण त्या बदल्यात जे वाचतं ते मोठं आहे. चार-पाच वेगवान लॅप झाले की एक लॅप सावकाश मारा. सेशनची शेवटची फेरी ब्रेकला जवळजवळ हात न लावता, वरच्या गिअरमध्ये. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये टाकून चाकाला अडणी लावा, आणि दोन मिनिटांनी गाडी हातभर पुढे सरकवा. नाहीतर तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो आणि पुढच्या सेशनला स्टिअरिंग थरथरतं.

बाकीची तयारी थोडक्यात. चाकांचे नट टॉर्क रेंचने पुस्तिकेच्या आकड्यावर, आणि पहिल्या सेशननंतर पुन्हा तपासून. इंजिन ऑइल वरच्या खुणेला, पेट्रोल पाव टाकीच्या खाली कधीच नाही, कारण लांब वळणात ते एका बाजूला जातं आणि पंप कोरडा ओढतो. पायपुसणी, बाटल्या, जॅक, सगळं सुटं सामान बाहेर. पेडलखाली घरंगळत आलेली बाटली कुठल्याही ऑइलने सुटत नाही. हेल्मेट मोटरसायकलचं चालेल का हे आयोजकाला आधी विचारा. हेल्मेटचा स्नेल एसए हा दर्जा गाड्यांसाठी आहे, त्यात आगीची चाचणी असते, मोटरसायकलच्या एम दर्जात नसते. विम्याची पॉलिसीही वाचा, ट्रॅकवरचं नुकसान बऱ्याच पॉलिसींत वगळलेलं असतं.

टायरच्या हवेची सुरुवात कंपनीच्या थंड आकड्यापासून. सेशननंतर ती ५ ते ८ पीएसआयने वाढलेली सापडेल. दोन-दोन पीएसआयने कमी करा आणि टायरच्या कडेला असलेल्या छोट्या त्रिकोणाकडे पाहा. घासल्याची खूण त्रिकोण ओलांडून खाली गेली असेल तर हवा कमी आहे, पुन्हा भरा. गरम टायरमधली हवा काढली की टायर थंड झाल्यावर ती फारच कमी निघते, म्हणून परतीच्या रस्त्याला लागण्याआधी ती भरलीच पाहिजे.

मग कोणी काय घ्यावं? ऑइल बदलून वर्ष झालं असेल किंवा कधी बदललं ते माहीतच नसेल, तर आरबीएफ ६०० च्या दोन बाटल्या आणि ट्रॅक डेच्या आदल्या आठवड्यात पूर्ण बदल. आदल्या रात्री नको, कारण पेडल खाली बुडतंय का हे पाहायला दोन-चार दिवस साध्या रस्त्यावर गाडी फिरायला हवी. ऑइल नुकतंच बदललेलं आणि गाडी हजार किलोच्या आतली असेल, तर एक बाटली घेऊन फक्त पुढचे दोन कॅलिपर ताजे केले तरी पहिला दिवस निघतो. उघडलेल्या बाटलीत उरलेलं ऑइल मात्र पुढच्या ट्रॅक डेसाठी कपाटात ठेवू नका. झाकण कितीही घट्ट लावलं तरी ते ओल ओढतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही ३१२ चं समजून कितीचं ओतताय हे सांगता येत नाही.