पाण्यातला पिवळा इनॅमल रंग: पोरीच्या पाळण्यासाठी घेतला

आईकडचा जुना लाकडी पाळणा पोरीसाठी काढला, वरचा रंग पोपडे धरून सुटलेला, पोरगी तर दिसेल ते तोंडात घालते म्हणून मी पाण्यात मिसळणारा इनॅमल रंग घेतला, पिवळा. डब्यावर शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाखात ९० भाग) कमी असं छापलंय, ते बघूनच घेतला.

वास जवळजवळ नाहीच, टर्पेंटाइन लागत नाही, ब्रश नळाखाली धुतला की झालं. तक्रार एकच, झाकत नाही. दोन हातांत काम होईल वाटलेलं, चार द्यावे लागले. पेंटर काका म्हणाले पूर्वीचा पिवळा एका हातात बसायचा. बसणारच, त्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं पिवळं रंगद्रव्य असायचं, स्वस्त आणि दाट. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको असा केंद्राचा २०१६ चा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला आणि त्यावर बंदी आली. आधी ही मर्यादा ऐच्छिक होती, मग सगळ्या कंपन्या कशाला बदलतील? सक्ती आली तसं उरलेल्यांनाही दुसरी पिगमेंटं (रंगद्रव्यं) आणि रंग सुकवणारे शिशाशिवायचे ड्रायर वापरणं भाग झालं, त्यात खर्च आलाच आणि छोट्या कारखान्यांना तो जड जातो हे मला पटतं. पण मुलांसाठी शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही हो.

हा नियम इंडस्ट्रियल रंगांना लागू नाही, त्यामुळे दुकानदाराने मशिनरीचा स्वस्त डबा पुढे केला तर घरासाठी घेऊ नका. आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका, ओला करून घासा, पोरांना लांब ठेवा.

पाचपैकी चार स्टार, एक त्या चार हातांसाठी कापला.