पोस्टग्रेसचा डेटा आणि वॉल: एकाच व्हॉल्यूमवर की वेगवेगळ्या?

पोस्टग्रेस या डेटाबेसची डेटा डिरेक्टरी आणि बदलांची नोंद (वॉल) ठेवणारी पीजी_वॉल डिरेक्टरी एकाच व्हॉल्यूमवर, म्हणजे साठवणुकीच्या एकाच विभागावर, ठेवावी की वेगळ्या, या पेचात असणाऱ्यांनी वेगाआधी स्नॅपशॉटचा, म्हणजे व्हॉल्यूमच्या एका क्षणीच्या प्रतीचा, विचार करावा.

सुसंगतीच्या निकषावर एकच व्हॉल्यूम निःसंशय सरस आहे. स्नॅपशॉट एकाच क्षणाचा असल्याने डेटा आणि वॉल जुळलेले राहतात, आणि पुनर्स्थापनेनंतर सर्व्हर, अचानक वीज गेल्यावर सावरतो तसाच, शेवटच्या चेकपॉइंटपासून (जिथपर्यंतचे बदल डेटा फाइलींत उतरलेले असतात त्या टप्प्यापासून) वॉल वाचून सावरतो. दोन व्हॉल्यूमचे स्नॅपशॉट मात्र एकाच क्षणी घेतले नाहीत तर प्रत भरवशाची राहत नाही. दोन्ही व्हॉल्यूम झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या एकाच पूलमध्ये असतील, तर सर्वांची प्रत एकाच क्षणी घेणाऱ्या तिच्या रिकर्सिव्ह स्नॅपशॉटने ही अडचण सुटते. लिनक्सच्या एलव्हीएम या व्हॉल्यूम-व्यवस्थेत मात्र प्रत्येक व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट स्वतंत्र असतो. तेथे वॉलचे आर्काइव्हिंग (वॉलच्या फाइली दुसरीकडे साठवणे) चालू ठेवून पोस्टग्रेसच्या पीजी_बॅकअप_स्टार्ट आणि पीजी_बॅकअप_स्टॉप या फंक्शनांच्या दरम्यान स्नॅपशॉट घ्यावा लागतो, तोवर डेटाबेसशी जोडलेले तेच सेशन जिवंत ठेवावे लागते आणि शेवटी मिळणारा बॅकअप_लेबलचा मजकूर (वॉल कुठून वाचायचा हे सांगणारा) प्रतीसोबत जपावा लागतो. तो राहून गेला, तर सर्व्हर सुरू झाला तरी डेटा बिघडलेला असू शकतो, आणि हे लगेच लक्षात येत नाही.

जागेबाबत वेगळा व्हॉल्यूम उजवा: रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरसाठी वॉल राखून ठेवणारी नोंद) अडकून वॉल फुगला, तरी तो डेटाची जागा खात नाही. डेटाचा व्हॉल्यूम गेला, तरी अखेरचा वॉल हाती राहतो.

लहान चमूने, ज्याच्याकडे देखरेखीस स्वतंत्र माणूस नाही, एकच व्हॉल्यूम निवडावा. लिखाणाचा भार मोठा असेल आणि पुनर्स्थापनेचा सराव नियमित होत असेल, तरच व्हॉल्यूम वेगळे करावेत.