आर्नोच्या अलीकडे की पलीकडे?

भाचीचं लग्न फ्लॉरेन्सला आहे. लग्नाच्या सह्या होणार पालाझ्झो वेक्किओ या जुन्या नगरभवनातल्या लाल दालनात, जेवण गावाबाहेर. कोल्हापूर-पुण्याहून येणाऱ्या मंडळींच्या हाती मेंदी आणि लग्न यांच्यामधला एकच मोकळा दिवस आहे, आणि महिनाभर सगळ्यांचे फोन चालू आहेत: काय बघू, काय खाऊ? इथे राहून माझं मत पक्कं झालंय की आधी आर्नो नदीचा काठ निवडा. उत्तरेला डुओमो हे मुख्य चर्च आणि डेव्हिडचा पुतळा, दक्षिणेला ओल्त्रार्नो. या नावाचा अर्थच 'आर्नोपलीकडे'. एका दिवसात दोन्ही काठ उरकायला गेलात, तर लग्नात पाय सुजलेले असतील.

पहिल्यांदा येताय, गुडघे शाबूत आहेत आणि पुन्हा येणं होईल याची खात्री नाही, तर अलीकडेच राहा. डेव्हिड चुकवू नका. १५०१ ते १५०४ या काळात मायकेलअँजेलोने घडवलेला हा पुतळा पाच मीटरहून उंच आहे. चौकातली त्याची प्रतिकृती बघून 'झालं बघून' असं कुणी म्हणू नये, कारण उजव्या हाताच्या फुगलेल्या शिरा आकादेमिया संग्रहालयात मूळ पुतळ्याजवळ उभं राहिल्यावरच कळतात. तिकीट आधी काढा. सोमवारी आकादेमिया आणि उफीझी हे चित्रसंग्रहालय दोन्ही बंद असतात.

डुओमोच्या आत जायला तिकीट लागत नाही, पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी नेसली तर प्रश्नच मिटला. घुमटावर चढायचं तर ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. शेजारच्या मनोऱ्याला ४१४. मी मनोराच सुचवेन, कारण घुमटावर उभं राहिलात तर घुमटच दिसत नाही, आणि वास्तुकार ब्रुनेलेस्कीने १४३६ साली पुरी केलेली ती लाल कौलांची पाठ बघण्यासाठीच तर वर जायचं. काका-काकूंनी दोन्ही सोडावेत.

अलीकडचं खाणं म्हणजे मेर्कातो चेंत्राले, १८७४ सालचा लोखंडी मंडईवजा बाजार. खाली मांस, चीज, भाज्या. वर खाण्याचे गाळे. इथलं नामांकित खाणं लाम्प्रेदोत्तो. गाईचं चौथं जठर मसाल्याच्या पाण्यात शिजवतात, बारीक कापून पावात भरतात, वर हिरवी चटणी. पावाचं वरचं झाकण त्याच रश्शात बुचकळून देतात. गोमांस आहे, म्हणून आधीच सांगतोय. बिस्तेका म्हणजे इथलं स्टेकही गोमांसच, बहुधा किलोभराहून मोठा तुकडा, आत लालसर. लग्नाच्या दिवशी दुपारी तो घेऊ नका, कारण इथली लग्नाची पंगत रात्री उशिरापर्यंत चालते.

आता पलीकडे. आमच्या मंडळींत साठीपुढचे बरेच आहेत, त्यांना मी बिनदिक्कत इकडेच नेणार आहे. सकाळी सान्तो स्पिरितोच्या चौकात जायचं. चर्चचा दर्शनी भाग साधा, पिवळसर, नक्षीचा पत्ता नाही. आत ब्रुनेलेस्कीचे खांब एकामागे एक उभे. बाहेर बाकावर बसता येतं, आणि वयस्कर पाहुण्यांसाठी मी हीच सोय आधी बघतो. कॉफी मात्र काउंटरवर उभ्यानेच प्या, बसलात की दर वाढतो. चित्रांची आवड असेल तर जवळच ब्रांकाच्ची चॅपल आहे. मासाच्चोने रंगवलेले, स्वर्गातून हाकलले जाणारे आदम आणि हव्वा तिथे अक्षरशः रडताना दिसतात.

दुपारी एखाद्या साध्या खानावळीत रिबोल्लीता मागवा: शिळा पाव, पांढरे घेवड्याचे दाणे आणि काळपट कोबीची पानं पुन्हा उकळून केलेलं दाट सूप. शिळ्या भाकरीचा काला आवडणाऱ्या माणसाला ते लगेच आपलं वाटतं. टोमॅटोत शिजवलेला पावही छान, त्याला पाप्पा अल पोमोदोरो म्हणतात. शाकाहाऱ्यांनी 'सेन्झा कार्ने' (मांसाशिवाय) असं सांगून वर रस्सा मांसाचा नाही ना, हेही विचारावं. कांदा-गाजर जवळजवळ सगळ्यात असतं, तेव्हा जैन पाहुण्यांचा डबा मी घरून देणार आहे. आणि पाव अळणी लागला तर परत पाठवू नका, तोस्काना या इथल्या प्रांताचा पाव बिनमिठाचाच असतो.

संध्याकाळी बसने पियाझ्झाले मायकेलअँजेलो या टेकडीवरच्या चौकात. तिथे गर्दी फार. चालवत असेल तर अजून थोडं चढून सान मिनियातोला जा. १०१८ साली सुरू झालेलं, हिरव्या-पांढऱ्या संगमरवराचं चर्च. पायऱ्यांवर बसलं की सगळं फ्लॉरेन्स समोर. या चढाला टाचांच्या चपला नकोत, रस्ते दगडी आहेत.

कोल्हापूरकरांना एक जागा मात्र काठ कुठलाही निवडला तरी दाखवणार आहे, परतीच्या दिवशी सकाळी. उत्तर काठावरच्या काशिने बागेच्या पश्चिम टोकाला, मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथे, एका छत्रीखाली फेटा बांधलेला तरुण चेहरा आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते याच शहरात गेले, वय अवघं वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं. संगमावरच त्यांचं दहन झालं, चार वर्षांनी हे स्मारक उभं राहिलं, आणि शेजारच्या पुलाला लोक आजही 'भारतीयाचा पूल' म्हणतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हातात काहीच नव्हतं. या वेळी मांडवातली फुलं बाजूला काढून ठेवायला सांगितलंय.